एका रोपट्याचें गुपित

श्रोतेहो, मे महिन्याच्या अखेरीस इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशर परगण्यांत दिवस मोठे होतात, संध्याकाळचा उजेड बराच वेळ रेंगाळतो, आणि चुनखडीच्या टेकड्यांवरील ॲश व हेझल या झाडांच्या विरळ राया नव्या पालवीनें भरून जातात. अशाच एका राईंत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दरवर्षीं या दिवसांत माणसांचा पहारा बसत असे. पहारेकरी आळीपाळीनें रात्रंदिवस जागत. ही राई कोठें आहे तें बाहेर कोणास कळूं द्यावयाचें नाहीं, असा त्यांचा नेम होता. तेथें कोणा राजाचें धन पुरलेलें नव्हतें. पहारा होता तो हातभर उंचीच्या एका रोपट्यावर. साऱ्या ब्रिटनमध्यें त्या जातीचें, निर्विवादपणें रानांतलेंच म्हणतां येईल असें, तेवढें एकच रोपटें उरलेलें होतें.

हें रोपटें तेथें एकटें कां राहिलें, आणि त्याला वांचविण्यासाठीं माणसांना मौनव्रत कां धरावें लागलें, हा इतिहास आज मी आपल्यापुढें मांडणार आहें. त्यांत लढाया नाहींत, राजवंश नाहींत. परंतु माणसाच्या आवडीचा आणि त्या आवडीनें केलेल्या संहाराचा हा इतिहास आहे, आणि तो आपल्याही विचारास कांहीं चालना देईल असें मला वाटतें.

या वनस्पतीला इंग्रजींत ‘लेडीज स्लिपर’ म्हणतात. ती ऑर्किडच्या, म्हणजे आपल्या रानांतील आमरीच्या, कुळांतली आहे. आपल्याकडील बऱ्याच आमरी आंब्याजांभळाच्या खोडावर वाढतात. ही मात्र जमिनींत मूळ धरून राहणारी. रुंद, शिरांच्या उठावदार रेघा असलेलीं पानें, आणि वर एक, क्वचित् दोन फुलें. फुलाच्या बाजूच्या पाकळ्या तपकिरी-जांभळ्या व पीळ घातलेल्या फितीसारख्या असतात. खालची पाकळी मात्र फुगून पोकळ झालेली, लिंबासारखी पिवळीधमक, आणि हुबेहूब एखाद्या लहान मुलीच्या सपातेसारखी दिसते. जुन्या ख्रिस्ती लोकांनीं हिला मेरी मातेची सपात असें नांव दिलें. इंग्रजी नांवांतील ‘लेडी’ ती हीच. अठराव्या शतकांत स्वीडनच्या लिनिअसनें वनस्पतींचें शास्त्रीय बारसें केलें, तेव्हां तिला ‘सिप्रिपेडियम कॅल्सिओलस’ हें नांव मिळालें. सिप्रस बेटाची देवता व्हीनस, तिची ही पादुका, आणि पुढच्या शब्दाचा अर्थ लहानसा जोडा. देवता बदलली, जोडा तोच राहिला.

आल्प्स पर्वतापासून स्कॅंडिनेव्हिया व रशियापर्यंत आणि तेथून पुढें आशियाच्या उत्तर भागांत ही वनस्पति अजूनही आढळते. तिची मागणी फार नाहीं, पण ती नेमकी आहे. चुनखडीची जमीन हवी. ऊन हवें, पण झाडांच्या फांद्यांतून गाळून आलेलें. ओल हवी, पण पाणी साचूं नये. राई फार दाट झाली तर ती फुलेनाशी होते आणि राई तोडली तर उन्हानें व गवताच्या चढाओढीनें हटते. यॉर्कशर, लँकशर, कंब्रिया आणि डरहॅम या परगण्यांतील चुनखडीच्या उतारांवर असें घर तिला पूर्वी मिळालेलें होतें.

तिचा संसार मोठा विलक्षण व अतिशय संथ असतो. फुलांत मध नसतो. मधमाश्यांच्याच कुळांतील, पण जमिनींत एकएकट्या बिळें करून राहणाऱ्या लहान माश्या रंगावासाला भुलून त्या पिवळ्या सपातेंत शिरतात. आंतल्या भिंती गुळगुळीत असल्यामुळें आल्या वाटेनें त्यांना परत जातां येत नाहीं. मागच्या बाजूस उजेड झिरपणाऱ्या पातळ जागा असतात. त्या उजेडाच्या रोखानें माशी एका चिंचोळ्या दारानें बाहेर पडते, आणि पडतांना आधींच्या फुलावरचे पराग तेथें ठेवून नवे पराग पाठीवर घेऊन जाते. एवढ्यानें फळ धरलेंच, तर त्यांतून धुळीसारखें बारीक बीं हजारोंनीं उधळतें. परंतु त्या बियांत अंकुराच्या पोटापाण्याची तरतूद कांहींच नसते. मातींतील एका विशिष्ट प्रकारच्या बुरशीची गांठ पडली, तरच तिच्याकडून अन्न घेऊन तें बीं रुजतें. मग कित्येक वर्षें तें जमिनीखालींच वाढतें. आणि पहिलें फूल येईपर्यंत आठदहा वर्षें किंवा त्याहूनही अधिक काळ लोटतो. एकदां स्थिरावलेलें रोपटें मात्र अनेक दशकें जगतें. अर्थात् जुनें रोपटें खणून नेणाऱ्यानें एक झाड नेलें असें होत नाहीं; अनेक वर्षांच्या योगायोगांचें फळ त्यानें एका कुदळीच्या घावांत उचललेलें असतें.

आतां या इतिहासाची सुरुवात पाहूं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, १५९७ सालीं, जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतिवेत्त्यानें आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. त्याला ही सपात ठाऊक होती, परंतु परदेशच्या डोंगरांतली वनस्पति म्हणून. ती आपल्याच देशांत उगवते, ही वार्ता पुढें १६२९ सालीं जॉन पार्किन्सन या राजवैद्यकाशीं संबंध असलेल्या औषधविक्रेत्यानें आपल्या उद्यानविषयक ग्रंथांत दिली. लँकशर व यॉर्कशर यांच्या सीमेवर, इंगलबरो नांवाच्या डोंगरापासून तीन मैलांवर हेल्क्स नांवाचें रान आहे, तेथें ती होते असें तो सांगतो. ही माहिती त्याला कोणीं दिली? हॉर्नबीच्या किल्ल्याजवळ राहणाऱ्या टॉमासिन टन्स्टॉल नांवाच्या एका पुष्पप्रेमी बाईनें. या बाईनें त्या रानांतलीं मुळें खणून कित्येकदां लंडनला पाठविलीं आणि पार्किन्सनच्या बागेंत त्यांना सुंदर फुलें आलीं, असें त्यानें कृतज्ञतेनें नमूद केलें आहे.

श्रोतेहो, या नोंदीवर क्षणभर थांबा. ब्रिटनच्या रानांत ही वनस्पति आहे याचा पहिला लेखी पुरावा हाच तिच्या उत्खननाचाही पहिला पुरावा आहे. तिची पहिली ओळख करून देणाऱ्या वाक्यांतच तिला उपटून नेल्याची हकीकत आली. त्या बाईंना दोष देण्याचें मला प्रयोजन दिसत नाहीं. रान अमर्याद आहे आणि बाग लहान आहे, अशीच त्या काळाची समजूत होती. फुलावर प्रेम असणाऱ्यानें तें आपल्या अंगणांत आणावें, यांत गैर तें काय, असें आजही आपल्यापैकीं कित्येकांस वाटतेंच.

पुढच्या दोनशें वर्षांत हाच क्रम वाढत गेला. यॉर्कशरमधील सेटल या गांवच्या बाजारांत या फुलांच्या जुड्या विकावयास येत. डरहॅम परगण्यांतील कॅसल ईडन डीन ही दरी या फुलासाठीं नांवाजली, आणि ज्या कारणानें नांवाजली त्याच कारणानें रिकामी झाली. एकोणिसाव्या शतकांत रेल्वे आली, श्रीमंतांच्या घरीं काचगृहें उभारलीं, आणि ऑर्किडांचा एक प्रकारचा ज्वर इंग्लंडांत पसरला. उष्ण देशांतील आमरी जहाजें भरभरून येत. पण घरच्या रानांतली ही सपातही त्यांतून सुटली नाहीं. माळी ती विकण्यासाठीं नेत, हौशी लोक बागेसाठीं नेत, आणि शास्त्राचे अभ्यासक वाळवून कागदावर चिकटविण्यासाठीं नेत. जसजशी ती दुर्मिळ झाली तसतशी तिची किंमत वाढली, आणि किंमत वाढली म्हणून ती अधिकच दुर्मिळ झाली. त्यांतच कित्येक ठिकाणीं राया तोडल्या गेल्या व मेंढ्यांचीं कुरणें वाढलीं. घरही गेलें आणि घरांतलीं माणसेंही गेलीं, अशी तिची गत झाली.

इंगलबरोच्या पायथ्याशीं क्लॅपॅम नांवाचें गांव आहे. तेथील रेजिनाल्ड फॅरर हा उद्यानविद्येवरील लेखक लहानपणापासून या टेकड्यांत वाढलेला. १९०७ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यानें दुर्मिळ वनस्पति उपटणाऱ्यांना जळजळीत शाप दिला आहे, आणि त्या शापांतून त्यानें विद्वान् प्राध्यापकांनाही वगळलेलें नाहीं. विशेष गोष्ट अशी कीं, शाप देणारा हा गृहस्थ स्वतःही वनस्पतींचा प्रख्यात संग्राहक होता. चीन व ब्रह्मदेशाच्या डोंगरांतून त्यानें इंग्रजी बागांसाठीं वनस्पति आणल्या, आणि १९२० सालीं ब्रह्मदेशांतच त्याचा अंत झाला. स्वतःच्या गांवची सपात लुटली जातांना त्याला जें दुःख झालें, तें खरें होतें. माणसाच्या मनांत प्रेम आणि लोभ हे एकमेकांच्या किती जवळ राहतात, हें यावरून दिसावें.

१९१७ सालीं ही वनस्पति ब्रिटनमधून नष्ट झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. जग महायुद्धांत होरपळत होतें. लक्षावधि तरुणांचे बळी पडत असतां एका फुलासाठीं शोक करण्याची उसंत फारशी कोणास नसावी.

त्यानंतर तेरा वर्षांनीं, १९३० सालीं, यॉर्कशरच्या डोंगरांतील एका उतारावर एक रोपटें सांपडलें. ज्यांना तें सांपडलें त्यांच्यापुढें दोन मार्ग होते. त्या शोधाची वार्ता वर्तमानपत्रांत दिली असती, तर त्यांचें नांव झालें असतें. पण वार्तेच्या पाठोपाठ कुदळही आली असती. त्यांनीं दुसरा मार्ग धरला. मोजक्या विश्वासू माणसांपलीकडे तें कोणास कळलें नाहीं. तीनशें वर्षांच्या या इतिहासांत, फूल पाहून तें जेथल्या तेथें राहूं देण्याचा निश्चय ज्यांनीं केला, अशीं माणसें प्रथमच आपल्याला भेटतात. तें गुपित पुढच्या पिढीच्या हातीं गेलें, आणि ती जागा आजही जाहीर झालेली नाहीं.

याच्या उलट उदाहरण आपल्या हिंदुस्थानच्या सीमेवर घडलें आहे, तें सांगण्यासारखें आहे. आसामांतून आलेली पॅफिओपेडिलम फेअरिॲनम ही जमिनीवरची सपातआमरी १८५७ सालीं लंडनच्या लोकांनीं पाहिली. पुढें बागांतलीं रोपें मेलीं, आणि ती कोठून आली होती तें कोणास सांगतां येईना. तेव्हां सँडर नांवाच्या ऑर्किडच्या बड्या व्यापाऱ्यानें ती पुन्हां शोधून देणारास एक हजार पौंडांचें बक्षीस लाविलें. १९०५ च्या सुमारास ती भूतानच्या बाजूस सांपडली. एका फुलाच्या शोधासाठीं दवंडी पिटली गेली, दुसऱ्याच्या शोधानंतर तोंडाला कुलूप लागलें. पंचवीस वर्षांच्या अंतरानें घडलेल्या या दोन गोष्टींत माणसाच्या वृत्तीचा केवढा पालट आहे!

परंतु, श्रोतेहो, नुसत्या मौनानें प्रश्न सुटला असें मात्र समजूं नका. गुप्ततेमुळें तें रोपटें वांचलें; त्याची जाति वांचली असें म्हणतां येत नव्हतें. एकटें रोपटें दरवर्षीं फुलतें, पण परागांची देवघेव करावयास आसपास दुसरें कोणी नसतें. बीं धरलें नाहीं तर वंश तेथेंच थांबतो. शिवाय एखाद्या वर्षाच्या दुष्काळानें, गोगलगायींनीं वा सशांनीं सारेंच संपण्याचें भय होतें. म्हणून १९७० सालीं या फुलाच्या रक्षणासाठीं जाणकारांची एक समिति स्थापन झाली. पहारा ठेवणें आणि स्वतःच्या हातांनीं एका फुलाचे पराग दुसऱ्यावर ठेवणें, हीं दोन्ही कामें सुरू झालीं. १९७५ च्या कायद्यानें ही वनस्पति खणणें वा तोडणें हा गुन्हा ठरला.

बीं मिळालें तरी तें रुजवावें कसें? याचें उत्तर मिळण्यास शास्त्राला बराच काळ लागला होता. १८९९ सालीं नोएल बेर्नार या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाला रानांतील पालापाचोळ्याखालीं ऑर्किडचीं नुकतींच अंकुरलेलीं बियाणीं आढळलीं, आणि त्या प्रत्येक अंकुरांत बुरशीचे तंतु दिसले. बुरशीवांचून हें बीं रुजत नाहीं, हें रहस्य त्यानें उघड केलें. मग १९२२ सालीं अमेरिकेंतील लुइस नुडसन यानें बुरशीच्या ऐवजीं साखर व क्षार यांचें पोषक मिश्रण कांचेच्या नळींत घालून त्यावर ऑर्किडचें बीं रुजवून दाखविलें. लंडनजवळच्या क्यू येथील राजोद्यानांत १९८३ पासून इंग्रजी भूमीवरील ऑर्किडांचे प्रयोग सुरू झाले. आपल्या या सपातेनें मात्र शास्त्रज्ञांची बरीच परीक्षा पाहिली. पिकलेलें बीं कांहीं केल्या रुजेना. शेवटीं फळ हिरवें असतांनाच आंतलें अर्धेंकच्चें बीं काढून पेरावें, तर तें रुजतें, असें आढळून आलें. १९८९ सालीं पहिलीं रोपें रानांत लावलीं गेलीं. त्यांतील कित्येक गोगलगायींच्या भक्ष्यस्थानीं पडलीं, कित्येक वाळलीं. आणि २००० सालीं, म्हणजे अकरा वर्षांनीं, त्यांपैकीं एका रोपट्याला पहिलें फूल आलें. ज्यांनीं तें लावलें होतें त्यांना अकरा वसंत वाट पाहावी लागली.

तरीही कुदळ अगदींच निवृत्त झालेली नव्हती. लँकशरमधील सिल्व्हरडेल येथें एक जुनें झुडूप लोकांच्या माहितीचें होतें. २००४ सालीं कोणीं तरी त्याचा बराच भाग कापून नेला. २०१० सालीं तर त्या बाजूच्या एका झुडुपावर फुलण्याच्या दिवसांत पोलिसांना गस्त घालावी लागली. तेव्हां रक्षकांपुढें पुन्हां तोच प्रश्न उभा राहिला: सांगावें कीं लपवावें? सारेंच लपविलें, तर लोकांना त्या फुलाविषयीं जिव्हाळा वाटावा कसा? सारेंच सांगितलें, तर रक्षण व्हावें कसें? त्यांनीं मोठ्या शहाणपणाचा मध्यम मार्ग काढला. मूळ रोपट्याची जागा गुप्तच ठेवली. पण लँकशरमधील गेट बॅरोज या चुनखडीच्या राखीव प्रदेशांत पैदा केलेलीं रोपें लोकांना पाहतां येतील अशा ठिकाणीं लावलीं. आतां ज्याला तें फूल पाहावयाचें असेल त्यानें मे-जूनमध्यें तेथें जावें, वाटेवर उभें राहून डोळे भरून पाहावें आणि परत यावें. ज्याला दाखविण्यासारखें आहे तें दाखविलें, म्हणून ज्याला झांकून ठेवावयाचें आहे तें झांकून ठेवतां आलें.

आपल्याकडेही या इतिहासाचा धडा घेण्यासारखीं ठिकाणें आहेत. हिमालयांत या सपातेचीं भावंडें आहेत. पॅफिओपेडिलम या सपातआमरींना, वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यांत १९९१ सालीं वनस्पतींचा समावेश झाला तेव्हां, त्या कायद्याचें संरक्षण मिळालें. महाराष्ट्रांतल्या सह्याद्रींत सपात नाहीं, पण जमिनींतल्या कंदांतून पहिल्या पावसाबरोबर वर येणाऱ्या, पांढऱ्या फुलांच्या आमरी आहेत. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर, कातळावरील बोटभर मातींत त्या उगवतात, आणि पाऊस सरला कीं पानांसकट दिसेनाशा होतात. त्यांचेंही बीं असेंच धुळीसारखें, आणि तेंही मातींतल्या बुरशीवरच अवलंबून. सह्याद्रीच्या इतर स्थळांबरोबर २०१२ सालीं कासचें नांव जागतिक वारशाच्या यादींत आलें. कीर्तीबरोबर गर्दी आली, आणि येणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली. आमरीचा कंद खणून पिशवींत घालून पुण्यामुंबईच्या गच्चीवरील कुंडींत लावला, तर तो बहुधा फार दिवस टिकत नाहीं. कारण त्याच्याबरोबरचा कातळ, पाऊस आणि मातींतला अदृश्य सोबती आपण पिशवींत घालूं शकत नाहीं.

इ. स. २०२० नंतरच्या वर्षांत यॉर्कशरमधून एक वार्ता आली. पुन्हां लागवड केलेल्या एका ठिकाणीं, कोणींही न लावलेलें, आपोआप पडलेल्या बियांतून उगवलेलें सपातेचें एक नवें रोपटें तज्ज्ञांच्या दृष्टीस पडलें. माशी आली होती, फळ धरलें होतें, बीं उडालें होतें, बुरशीची गांठ पडली होती, आणि जमिनीखालचीं तीं अंधारी वर्षें सरलीं होतीं. माणसाचा हात न लागतां हें सारें घडलें, आणि त्यासाठीं सुमारें शंभर वर्षें अनेक माणसांना आपले हात आवरून धरावे लागले होते.

टॉमासिन बाईंच्या मनांत जी आवड होती, तीच १९३० सालीं तें रोपटें पाहून गप्प राहिलेल्या माणसांच्या मनांतही होती. दोघांनाही तें फूल अतिशय सुंदर वाटलें. पहिल्या आवडीनें हात पुढें केला, दुसरीनें तो मागें घेतला. येत्या पावसाळ्यांत आपण मुलांना घेऊन डोंगरावर जाल, आणि वाटेच्या कडेला एखादी पांढरी आमरी उभी असलेली दिसेल. मुलें तिच्यापाशीं वांकून बसतील. तेव्हां त्यांना ती नीट पाहूं द्या, तिचा वास घेऊं द्या, आणि ती तेथेंच ठेवून पुढें चला.